डाव्या पॉकेटचा थंब

"काकू, तो थंब तुम्ही मुद्दाम सोडलात ना?"

श्रुतिका हे मान वर न करता बोलली. पहिला गेम नुकताच संपला होता, पंच मीराताई गुणपत्रकावर आकडे लिहीत होत्या, आणि श्रुतिका चारी पॉकेटांतल्या सोंगट्या काढून पुढच्या गेमसाठी मधोमध मांडत होती. काळी, पांढरी, काळी, पांढरी. बोटं चालू होती आणि आवाज इतका खाली, की मी बोर्डावर वाकलेली नसते तर मलाही ऐकू आलं नसतं. मी म्हटलं, "सुटला गं." आणि बोलल्याबरोबर मला कळलं मी काय केलं ते, कारण आषाढी एकादशीपासून त्या क्षणापर्यंत मी तोंडाने एकही खोटं बोलले नव्हते. चातुर्मासात आपण एक गोष्ट सोडतो. मी दर वर्षी वांगं सोडते, घरच्यांना वाटतं यंदाही वांगंच. यंदा मी खोटं बोलणं सोडलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं, कारण असं सांगितलं की लोक परीक्षा घेत बसतात. तीन महिने निभावलं होतं. शेजारणीने नवीन पडदे दाखवले तेव्हा म्हटलं होतं, रंग मला नाही आवडला, पण कापड छान आहे. आणि आता मुलुंडच्या ह्या हॉलमध्ये, कॅरमच्या स्पर्धेत, रविवारी सकाळी साडेअकराला, सतरा वर्षांच्या पोरीसमोर दोन शब्दांत गेलं सगळं. श्रुतिकाने राणी मधोमध ठेवली, बोटाने सरळ केली. "तुम्हीच शिकवलाय मला तो," ती म्हणाली. "असा नाही सुटत तुमचा."

बरोबर बोलत होती. भांडुपला मंडळाच्या खोलीत दर मंगळवारी दुपारी मीच तिला थंब शिकवला होता. सोंगटी आपल्याच बाजूला, आपल्या रेषेच्या मागे पॉकेटजवळ चिकटून बसली, की बोटाने तिला मारता येत नाही. मनगट उलटं करून अंगठ्याने मारावं लागतं, स्वतःकडे. बायकांना तो अवघड जातो म्हणतात. माझ्या डाव्या पॉकेटचा थंब मात्र गेली चाळीस वर्षं माझ्या अंगात आहे, पोळी लाटताना हात फिरतो तसा. गिरणीचा संप झाला त्या वर्षी बाबा दिवसभर घरी असायचे, आणि कांजूरच्या आमच्या चाळीत सगळीच माणसं दिवसभर घरी असायची, गॅलरीत बोर्ड मांडून. चौथा भिडू आला नाही की मला बसवायचे, अकरा वर्षांची, डब्यावर डबा ठेवून. बाबा मागे उभे राहून म्हणायचे, "गो चेडवा, हात हलको ठेव." आणि दुसरं एक म्हणायचे, "फाऊल झालो तर आपण सांगूचो. पंचान बघल्यान काय, नाय बघल्यान काय." थंब त्यांनीच दिला मला. दुसरं काही द्यायला नव्हतंच त्यांच्याकडे तेव्हा, आणि हे मी तक्रार म्हणून सांगत नाही.

मीराताईंनी खूण केली. दुसऱ्या गेमचा ब्रेक माझा. मी रबर चाचपला. मी मॅचला साडीच नेसते, पदराला दोन पिना लावते, आणि उजव्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकवून त्यांवर एक जाड रबर चढवते. आयोजकांनी टी-शर्ट दिला होता. मी तो घडी घालून पिशवीत ठेवला होता. दाराशी हे उभे होते आणि ह्यांच्या शेजारी भाऊ. भाऊ म्हणजे आमच्या मंडळाचे अध्यक्ष, आणि श्रुतिका त्यांची नात. ह्यांनी मला लांबूनच डोळ्यांनी शाबासकी दिली. हरल्याबद्दलची शाबासकी मी पहिल्यांदाच पाहत होते आणि तरी ती ओळखीची वाटली.

सकाळची गोष्ट. माझा जप संपायचा होता, नऊ माळा झाल्या होत्या आणि दोन राहिल्या होत्या, तेव्हा हे चहाचा कप घेऊन देवासमोर येऊन बसले. जपात असताना हे कधी येत नाहीत. "भाऊंचा फोन होता," ह्यांनी सांगितलं. "तू तर पुढे गेलीच आहेस. दोन्ही मॅच जिंकल्यात. आजची हरलीस काय, जिंकलीस काय, तुला काही फरक पडत नाही. पण श्रुतिका जिंकली तर गटातून दुसरी ती जाते. पुढे गेली तर जिल्ह्याच्या संघात नाव लागतं. कॉलेजच्या ॲडमिशनला ते किती लागतं तुला माहीत आहे. पोरीचं भलं होईल." मी माळ खाली ठेवली नाही. बोट एका मण्यावर होतं तिथेच राहिलं. हे म्हणाले, "भाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा शब्द टाकलाय गं. म्हणाले, शुभा देवमाणूस आहे, ती नाही म्हणायची नाही." मग जरा थांबून, कपातली साय बोटाने बाजूला करत, "फक्त तुला जमेल का? म्हणजे कुणाला न कळता? तुझ्या तोंडावर सगळं दिसतं." मी काही बोलले नाही. गप्प राहिलं की घरात तो होकार धरतात. राहिलेल्या दोन माळा मी ओढल्या आणि ओढताना मनाशी हिशेब मांडला, की ह्यात बोलायचं कुठे आहे? नेम जिभेचा आहे. फक्त खेळायचं आहे. हात थोडा जड ठेवायचा. हातांनी कधी कुणी खोटं बोलतं का?

ब्रेक मी साधाच केला. एक सोंगटी पडली, मग दुसरी. माझा हात आपोआप जड व्हायला निघाला, आणि मला जाणवलं की हा जडपणा आज सकाळचा नाही. मनगटाला तो पाठ आहे. अठ्ठावीस वर्षं पाठ आहे. लग्नानंतरचा पहिला रविवार. जेवणं झाली होती, सासरे आरामखुर्चीत, सासूबाई बडीशेप निवडत, आणि ह्यांनी कपाटामागून बोर्ड काढला. "तुझे बाबा खेळायचे ना? बघू तुला काय येतं." हे मंडळाचे चॅम्पियन होते, भिंतीवर चार ढाली होत्या. मी खेळले. कसं खेळावं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी जशी खेळायचे तशी खेळले, आणि थोड्या वेळाने लक्षात आलं की खोलीत बडीशेप निवडण्याचा आवाज थांबलाय. सासूबाई मुलाच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. रागाने नव्हे हो. कुणी कुणावर रागावलं नव्हतं. त्या फक्त बघत होत्या, जसं दूध उतू जाईल का म्हणून बघतात. माझी शेवटची सोंगटी डाव्या पॉकेटपाशी होती, थंबची. मी तो सोडला. केसभर सोडला, सोंगटी पॉकेटच्या ओठावर थरथरून राहिली. "आहाहा," हे म्हणाले, "थंब जरा कच्चा आहे तुझा," आणि खोलीतला वारा पुन्हा सुरू झाला. बडीशेप सुरू झाली. सासरे म्हणाले, "पण सूनबाई खेळते चांगली हो." त्या दिवसापासून हे मला दर रविवारी थंब शिकवतात. अंगठा असा धर, मनगट तसं ठेव. अठ्ठावीस वर्षं शिकवताहेत. मी दर रविवारी थोडा शिकते आणि महत्त्वाच्या वेळी विसरते.

हरणं सोपं नसतं. हे मला सांगायचंच आहे, कारण सगळ्यांना वाटतं हरायला काय लागतं. वाईट खेळून हरलं तर समोरच्याचा अपमान होतो, तो चिडतो. चांगलं खेळून हरावं लागतं. शेवटपर्यंत पुढे राहून, समोरच्याला वाटलं पाहिजे की त्याने तुम्हाला गाठलं. केवढी तरी कला आहे ती, आणि तिला ढाल नाही. मी बाहेर खेळायला लागले ती गेली तीन वर्षं, सासूबाई गेल्यावर. जिथे हे बघायला येतात तिथे मी थंबची वेळच येऊ देत नाही, सोंगट्या आधीपासून तशा लावते. म्हणजे एक खोटं सांभाळायला मी सगळा खेळ त्याच्याभोवती वळवून घेतला होता. आणि आषाढीनंतरचे सगळे रविवार? आमच्या घरी दर रविवारी दिवेलागणीनंतर बोर्ड निघतच होता. म्हणजे मी तीन महिने नेम पाळत होते आणि दर सात दिवसांनी मोडत होते, देवासमोरच्या त्याच खोलीत, समई जळत असताना. हे मला त्या हॉलमध्ये कळलं, स्ट्रायकर हातात असताना. श्रुतिकाने एका प्रश्नाने दार उघडलं आणि आत अठ्ठावीस वर्षांचे रविवार रांगेने बसलेले.

"काकू, वेळ," मीराताई म्हणाल्या.

मी मारलं. दोन पडल्या, राणी पडली, राणीवर लगेच एक. हात हलका झाला होता. हलका म्हणजे कसा, तर बाबा मागे उभे आहेत आणि त्यांना विड्यांचा वास येतोय तसा. श्रुतिका पुढे झुकली. तिचे डोळे बारीक झाले, ओठांची एक कड आत गेली, आणि मला दिसलं की ती खूश झाली आहे. मी तिचं काढून घेत होते आणि ती खूश होती. दाराशी ह्यांनी घड्याळात बघितलं. भाऊ ह्यांच्या कानाशी काहीतरी बोलले. ह्यांनी हाताने खूण केली, असू दे, असू दे, तिला जमतंय, एक गेम जिंकून दाखवेल आणि तिसरा सोडेल, म्हणजे कुणाला संशय नाही. ह्यांच्या चेहऱ्यावर मला ते सगळं वाक्य वाचता येत होतं. दुसरा गेम मी पंचवीस-अकरा घेतला.

मध्ये पाच मिनिटं होती. मी पाणी प्यायला बाहेर गेले. जिन्यात निधी बसली होती. निधी दहिसरची, चेकनाक्याजवळ राहते, कुरियरच्या गोदामात कामाला आहे, आज बदली देऊन आलेली. श्रुतिका हरली तर गटातली दुसरी जागा हिची. मांडीवर डबा उघडा, भाकरीचा एक तुकडा हातात, खात नव्हती. "काय चाललंय आत?" तिने विचारलं. "एक-एक," मी म्हटलं. ती हसली. "जिंका काकू. तुमच्यावरच आहे माझं." मग लगेच म्हणाली, "म्हणजे तसं नाही, तुम्ही खेळा तुमचं. मला टेन्शनमध्ये काहीही बोलायला होतं." मी तिच्या डब्याकडे बघत राहिले. शेंगदाण्याची चटणी, एका कोपऱ्यात कांदा. सकाळी जपाच्या वेळी ही मला दिसली नव्हती. ह्यांच्या बोलण्यात हिचं नाव आलं नव्हतं, माझ्या हिशेबात आलं नव्हतं, आणि भाऊंनी ज्याला पोरीचं भलं म्हटलं त्यात ही पोर कुणी धरलीच नव्हती. आपलं द्यावं, उपाशी राहून द्यावं, मला कोण अडवणार. पण ही जागा माझी नव्हती. दुसऱ्याच्या ताटातली भाकरी उचलून मी दान करणार होते आणि देवमाणूस म्हणवून घेणार होते.

जिन्यावरून वर येताना भाऊ आडवे आले. वय पंच्याहत्तर, पांढरा शर्ट, खिशाला पेन. "शुभा," ते मऊ आवाजात म्हणाले, "छान चाललंय. आता जरा बघ."

"बघते भाऊ," मी म्हटलं. "पण मी सोडणार नाही."

"म्हणजे?"

"सकाळी गप्प राहिले ते चुकलं माझं. पहिला गेम सोडला तेही चुकलं."

त्यांनी मागे वळून ह्यांच्याकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे. "अगं, तू जप-तप करणारी बाई. तुला जिंकण्याची एवढी हाव?" माझा आवाज लहानपणापासून बारीक आहे, तो चढवायला गेलं की फाटतो, म्हणून मी तो होता तसाच ठेवला. "हो," म्हटलं. "आहे." आणि त्यांच्या बाजूने आत गेले. आई सांगायची, मोडलेला नेम टाकून द्यायचा नसतो, जिथे मोडला तिथून उचलायचा. बाकीचं प्रायश्चित्त नंतर.

तिसरा गेम लांबला. श्रुतिका मी शिकवलेलं सगळं माझ्यावरच वापरत होती आणि काही मी न शिकवलेलंही. ती पुढे, मी पुढे, ती पुढे. आजूबाजूचे बोर्ड संपत गेले आणि माणसं आमच्याभोवती जमली. पावडर घशात जात होती. मला माझ्या बोटांची टोकं वेगवेगळी जाणवत होती, देवघरात बारीक अक्षरांची पोथी वाचताना एकेक ओळ बोटाखाली येते तशी. सातवा बोर्ड शेवटाकडे आला तेव्हा ती बावीस, मी वीस, आणि राणी तिच्याकडे झाकली गेलेली. बावीसला पोचलेल्याला राणीचे गुण मिळत नाहीत. तिच्या तीन सोंगट्या होत्या, माझ्या दोन. पंचवीसला मला पाच गुण हवे होते आणि तिच्या सगळ्या मिळून तीनच. तेवढ्यात माझं गणित थांबलं, कारण हात मागे घेताना बांगडी घसरली. रबरातून एकच सुटून मनगटावर आली आणि एका काळ्या सोंगटीला लागली. सोंगटी हललीसुद्धा नाही, नुसती शहारली. मीराताई माझ्या उजव्या बाजूला होत्या, त्यांना माझ्या हाताआड दिसलं नसावं. श्रुतिका पॉकेटकडे बघत होती. कुणालाच दिसलं नव्हतं.

"फाऊल," मी म्हटलं. "बांगडी लागली."

मीराताईंनी चष्म्यावरून बघितलं. "मी नाही पाहिलं."

"लागली."

माझी एक सोंगटी पॉकेटमधून पुन्हा बोर्डावर आली आणि पाळी गेली. गर्दीतून कुणीतरी चुकचुकलं. मी दाराकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. ह्यांचा चेहरा उजळला होता. भाऊंच्या खांद्यावर हात ठेवून हे मान डोलवत होते, बघा, म्हटलं होतं ना. आयुष्यात मी इतकं खरं वागले नसेन आणि ह्यांना त्यात माझं सगळ्यात सफाईदार खोटं दिसत होतं. छातीत जे उसळलं त्याला मी राग म्हणणार नाही असं आधी वाटलं, कारण रागाला मी वर्षानुवर्षं दुसरी नावं दिली आहेत. पण तो रागच होता. तो अंगठ्यापर्यंत उतरू दिला.

श्रुतिकाने मात्र माझ्याकडे बघितलं. बांगडीकडे, मग डोळ्यांत. तिला कळलं. तिने एक घेतली, सुरेख घेतली, दुसरी पॉकेटच्या तोंडाशी अडकली. तिला दोन राहिल्या. पण मला पंचवीस गाठायला तिच्या राहिलेल्या मोजून पुरणार नव्हतं, ही मॅच इथे संपणार नव्हती. मी माझ्या तीन ओळीने घेतल्या आणि तिच्या दोन मला मिळाल्या. बावीस-बावीस. म्हणजे अजून एक बोर्ड. आठवा, शेवटचा. ज्याचा बोर्ड, त्याची मॅच.

तो कसा खेळला गेला ते मला सलग आठवत नाही. एवढंच आठवतं की शेवटी दोघींची एकेक उरली, तिची एकदम सोपी, आणि माझी डाव्या पॉकेटपाशी, रेषेच्या मागे, कडेला चिकटलेली. पाळी माझी. दुसरा कोनच नव्हता. लांबून फिरवून मारायचं एक नाटक करता आलं असतं, सुटला असता तर कुणी बोललं नसतं. मी बांगड्या वर केल्या, रबर कोपराजवळ घट्ट बसवला. मनगट उलटं केलं. अंगठा स्ट्रायकरच्या मागे टेकवला आणि दाराशी कोण उभं आहे ते मला ठाऊक होतं, आणि कोण उभं आहे ते आता खेळात धरायचं नव्हतं. सोंगटी ओठावर थांबलीसुद्धा नाही.

टाळ्या थोड्या वाजल्या. श्रुतिका उठली, हात पुढे केला. डोळे भरले होते आणि तिने ते पुसले नाहीत. "पुढच्या वेळी," ती म्हणाली, "पहिला गेम पण खेळा."

"खेळेन," मी म्हटलं. ते वचन मी देवासमोर देते त्याच आवाजात दिलं. खाली निधीचा डबा बंद झाल्याचा आवाज आला का, मला माहीत नाही. भाऊ नातीला घेऊन निघून गेले. तिने जिन्यावरून मागे वळून हात हलवला, त्यांनी वळून बघितलं नाही. पुढच्या मंगळवारी मंडळाच्या खोलीची किल्ली मला मिळेल की नाही कोण जाणे. नाही मिळाली तर माझ्या घरी बोर्ड आहे.

सोनापूरच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा हे समोरच्या बसकडे बघत म्हणाले, "तो थंब."

मी पदराच्या पिना काढत होते.

"घरी तो तुझा कधीच जात नाही." आणि मग, सिग्नल सुटून रिक्षा नाहूरच्या पुढे आल्यावर, "माझ्याशी पण?"

"हो."

"किती वेळा?"

"मोजलं नाही." मी रोज अकरा माळा मोजते, वर्षाचे उपास मोजते, ते मोजलं नव्हतं.

"मी जिंकलेला एकही डाव खरा नव्हता?"

"सुरुवातीचे दोन-चार होते," मी म्हटलं. "तुम्ही वाईट नाही खेळत."

हे हसतील असं मला वाटलं होतं. हसले नाहीत. ह्यांचा हात मांडीवर पडला होता, अंगठा आपोआप वळत होता, थंबसारखा. मला वाईट वाटलं. वाईट वाटलं तरी मी तो हात धरला नाही, कारण तो धरला असता तर पुन्हा काहीतरी परत दिल्यासारखं झालं असतं.

संध्याकाळी समई लावली. नैवेद्य दाखवला, सकाळपासून पहिला घास खाल्ला. हे टीव्ही न लावता बसून होते. मी कपाटामागून बोर्ड ओढला. जड आहे, दर वेळी हेच काढतात. खुर्च्यांवर टेकवला, पावडर टाकली, तळव्याने पसरली. "अहो," म्हटलं, "बसा."

हे उठले. बसले. बोर्डाच्या पलीकडून माझ्याकडे बघत म्हणाले, "तुझा काहीतरी नेम आहे ना ह्या वर्षी? वांगं नाही. मी परवा भरीत खाताना पाहिलं तुला." पहिल्यांदाच विचारत होते. "खोटं न बोलण्याचा," मी सांगितलं. ह्यांनी मान हलवली, सावकाश, काहीतरी मागे जाऊन तपासत असल्यासारखी. "कार्तिकीला सुटेल मग."

ब्रेक कुणाचा हे ठरवताना एकाने दोन सोंगट्या दोन मुठींत लपवायच्या आणि दुसऱ्याने ओळखायचं. अठ्ठावीस वर्षं मुठी ह्यांच्या असायच्या. मी एक काळी उचलली, एक पांढरी, पाठीमागे हात नेऊन फिरवल्या आणि दोन्ही मुठी पुढे केल्या.

"सांगा," म्हटलं. "काळी कुठे?"